फक्त नऊ हजार चाललेली गाडी

मला गाडीची हौस कधीच नव्हती. मला बसचा कंटाळा आला होता आणि माझ्या गुडघ्यांना माझा. पूर्व नागपुरातल्या घरून ऑटोनं बर्डी, तिथून बसस्टँड, बसनं खापा आणि उतरल्यावर शाळेपर्यंत पायी. संध्याकाळी हेच उलट. एकवीस वर्षं केलं. बाविसाव्या वर्षी एका सोमवारी बसच्या पायरीवर पाय उचलेचना. मागून कुणीतरी म्हणालं, "चढा ना बाई, मुहूर्त पाहून राहिल्या का?" मी चढले, खिडकीकडे तोंड करून बसले आणि कोराडी येईपर्यंत रडले.

शिकवायचा मला वीट आला नव्हता. पाचवीचा वर्ग समोर बसला की मी अजून ठीक असते. संपवत होतं ते जाणं-येणं. निवृत्तीला चार वर्षं होती. एकतर गाडी घ्यायची, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकायचा, एवढंच उरलं होतं. रोजच्या नव्वद किलोमीटरला पेट्रोल परवडणार नव्हतं, म्हणून बॅटरीची. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी.

घरात मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन नऊ वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही. ते का झालं नाही याची चर्चा आता गल्लीनंही सोडली आहे. बाबा हातमागावर लुगडी विणायचे. माग बंद पडल्यावर कापडाच्या दुकानात बसले, पण नजर विणकराचीच राहिली. त्यांचा हिशोब सरळ होता. कोऱ्या घडीच्या लुगड्याला पूर्ण किंमत, एकदा नेसलं की अर्धी. त्यामुळे आमच्या घरात वस्तू यायच्या त्या ठेवायला. सोफ्याचं प्लास्टिक अकरा वर्षं निघालं नाही. स्टीलच्या डब्यांवर कंपनीचे कागद अजून आहेत. मीही त्याच घरची. पुढेमागे लागतील म्हणून रजा साठवत आले. ताप अंगात घेऊन खाप्याला गेले, पण रजेला हात लावला नाही.

जुन्या गाड्यांच्या एका एजंटनं आम्हाला एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या दाखवल्या. नव्या घेतल्या तेव्हा दोन्ही बारा लाखांच्या. चार वर्षांत बाजार पार उतरला होता, कारण त्याच पैशात जास्त पल्ल्याच्या नव्या गाड्या आल्या होत्या. "बॅटरीच्या गाडीचा भाव मोबाइलसारखा पडते, बाई," तो म्हणाला. वर हसला. विकणाऱ्यानं हसू नये असं मला उगाच वाटलं.

पहिली गाडी कामठीच्या एका भाडं मारणाऱ्या माणसाची होती. पंच्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली. सीट फाटलेली, आरशाला चिकटपट्टी, दाराला लांब ओरखडा. भाव साडेचार लाख. माणूस मात्र खरा होता. बाबांनी विचारलं, "फुल चार्ज केली की किती जाते गा?" तो म्हणाला, "फुल कराले टाइमच कुठं भेटते काका? सवारी उभी असते. सत्तर-ऐंशी झाली की वायर काढतो अन् निघतो."

बाबांनी मला कोपर मारलं. हळूच म्हणाले, "बिचारीनं कधी पोटभर खाल्लं नाही वं."

दुसरी गाडी एका निवृत्त अधिकाऱ्याकडे, कॉलनीतल्या फरशीच्या अंगणात उभी होती. चार वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर. मुलगा परदेशात; त्यानं आईवडिलांना घेऊन दिलेली. सीटवरचं प्लास्टिक तसंच. आत नव्या गाडीचा वास. अंगणात झाड नव्हतं, पण गाडीवर कव्हर होतं. अधिकारी म्हणाले, "रोज संध्याकाळी चार्जिंगला लावतो. शंभर टक्के. चार वर्षांत एक दिवस खाडा नाही. कधी कुठं जावं लागलं तर तयार हवी ना." गेले मात्र कुठंच नव्हते. देवळात आणि दवाखान्यात.

बाबा गाडीत वाकले. प्लास्टिकची कड वर करून सीटचं कापड अंगठा आणि दोन बोटांत धरलं, चोळून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घडीच नाही मोडली वं हिची." दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसे स्थळ जुळल्यावर दोन व्याही पाहतात. एजंटनं बोनेट उघडून दाखवलं. आत इंजिन नव्हतं, तरी आम्ही तिघंही गंभीर चेहऱ्यानं वाकून पाहून आलो. टायर पाहिले. कागद पाहिले. बॅटरीची तब्येत मशीन लावून पाहता येते, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मास्तरीणबाई!

हिचा भाव सहा लाख. वरचे दीड लाख बाबांनी त्यांच्या ठेवीतून काढले. "कोऱ्या मालाले दाम द्यावंच लागते," असं वर मलाच समजावलं.

गाडी डिसेंबरात आली आणि फेब्रुवारीपर्यंत मी राणी होते. बसायचं, बटण दाबायचं, निघायचं. गुडघे गप्प. वर्गात मी मुलांवर ओरडायची थांबले, असं मुलांनीच मला सांगितलं. मार्चमध्ये एसी लावला आणि आकडे धावायला लागले. सकाळी शंभर टक्के घेऊन निघायचं, खाप्याला पोचेपर्यंत निम्म्याच्या खाली. परतताना पाटणसावंगीला तीस, कोराडीला पंधरा. मग एसी बंद, काचा खाली आणि नागपूरची लू तोंडावर. एप्रिलात एकदा घराच्या गल्लीत शिरले तेव्हा दोन उरले होते.

शाळेत चार्ज करू का, म्हणून मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, सरकारी विजेवर खाजगी गाडी? ऑडिटवाले मले टांगतील." रस्त्यावरच्या चार्जिंगला दीड तास रांग. तिथं उभं राहायचं, तर बसस्टँड काय वाईट होतं?

गाडी दाखवायला नेली तेव्हा बाबा हट्टानं सोबत आले. मेकॅनिकनं वायर जोडली, पडदा पाहिला आणि म्हणाला, "चौऱ्याहत्तर टक्केच राहिली बॅटरी. सत्तरच्या खाली गेली असती तं कंपनीनं बदलून दिली असती." म्हणजे जरा जास्त बिघडली असती तर बरं होतं! नवी बॅटरी घ्यायची तर तिची किंमत जवळजवळ आमच्या गाडीएवढी.

"पण ही तं चाललीच नाही गा," बाबा म्हणाले. "नऊ हजार फक्त."

"म्हणूनच काका. फुल भरून उन्हात उभी ठेवली ना, वर्षानुवर्षं. बॅटरी उभ्या उभ्या शिजते. थोडी भरावं, चालवावं, थोडी भरावं, तेच तिले मानवते. भाड्याची एखादी पाहाची होती तुम्ही."

परतताना पूर्ण रस्ता बाबा काचेबाहेर पाहत होते. मला त्यांच्यावर चिडायचं होतं आणि चिडताही येत नव्हतं, कारण मानेनं होकार मीच दिला होता.

एजंटला फोन केला. तो म्हणाला, परत घेतो, सव्वातीन देतो, "आता सगळे बॅटरी तपासूनच घेतात ना मॅडम." पाच महिन्यांत पावणेतीन लाख हवेत. मग रागारागानं त्या अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बरी आहे ना हो ती? लेकरासारखी जपली आम्ही." आतून त्यांच्या बायकोनं पन्हं आणलं. मी पन्हं प्याले आणि "बरी आहे" म्हणून परत आले. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

त्याच संध्याकाळी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आठ दिवस थांब."

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे चारला उठायला लागले. रात्रभर गाडी भरून उभी राहू नये म्हणून रात्री लावायचीच नाही. पहाटे लावायची, म्हणजे मी निघायच्या वेळेला भरते आणि लगेच चालायला लागते. मेकॅनिककडून हे त्यांनी विचारून घेतलं होतं, मला नकळत. एक्याऐंशी वर्षांचा माणूस अंगणात खुर्ची टाकून वायरकडे पाहत बसायचा. मी म्हणायची, "बाबा, झोपा ना." ते म्हणायचे, "मागावर चारलेच बसत होतो मी. काही नाही होत."

आठव्या दिवशी सकाळी ते आईच्या पेटीतलं लुगडं घेऊन उभे होते. जांभळं, रुंद काठाचं, त्यांनी विणलेलं शेवटचं. आईनं ते चांगल्या प्रसंगासाठी ठेवलं होतं. प्रसंग म्हणजे बहुतेक माझं लग्न. ती ते एकदाही नेसली नाही.

"दर दिवाळीले याची घडी बदलतो मी," बाबा म्हणाले. "एकाच घडीत ठेवलं की कापड घडीवरच चिरते. हे मले मालूम होतं. जन्मभर मालूम होतं. अन् गाडी पाहाले गेलो तं डोकंच नाही चाललं." त्यांनी लुगडं माझ्या हातात दिलं. "नेस. शाळेत नेस. ठेवून काय करतं आता?"

मी नेसले. नऊवारी येत नाही मला, सहावारीसारखंच कसंबसं गुंडाळलं. पोरांनी "बाई, तुमचा वाढदिवस आहे का?" विचारलं. परतताना कोराडीच्या पुढे एसी बंद केला, काचा खाली केल्या. एका सिग्नलला शेजारी कामठीवाल्याची तीच गाडी येऊन थांबली. दाराला तोच लांब ओरखडा, आरशाला तीच चिकटपट्टी. आत चार सवाऱ्या, काचा बंद, एसी सुरू, एक बाई डुलकी घेत होती. सिग्नल सुटला आणि ती भुर्रकन पुढे गेली. मी मात्र चाळीसच्या वेगानं, लुगडं पाठीला चिकटलेलं, घरी आले.

बाबा फाटकाशी उभे होते. लुगड्याकडे पाहिलं. घामाचे डाग, चुरगळलेले काठ, घडीचं नावनिशाण नाही. मग विचारलं, "किती उरली?"

"सात टक्के."

"अन् तू?"

मी गाडीचं दार धरून उभी राहिले. कुणी हे मला कधी विचारलंच नव्हतं. म्हटलं, "बाबा, मी थकली हो. लै थकली." आणि रडू फुटलं, भर अंगणात, शेजारी पाहत असताना.

त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली. "मंग उद्या नको जाऊ. तिलेबी निम्मी भरून ठेवतो, उभी राहू दे सावलीत. तुह्या त्या रजा आहेत ना ठेवलेल्या? त्या कोनासाठी आहेत वं?"

मी आत गेले, पर्समधून अर्ज काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या दिवसाची रजा लिहिली. कारण लिहायच्या जागी बराच वेळ पेन थांबलं. मग लिहिलं, विश्रांती. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या पहाटे चारला बाबा उठले नाहीत. उन्हं वर येईपर्यंत आम्ही दोघंही झोपलो होतो.