वैशाखात पाहिलेली जागा

जमिनीत पैसा घाला, जमीन कुठं पळून जात नाही, असं सांगणारा माणूस आजही ओसरीवर आला तर मी त्याला पाणी विचारत नाही. मला हे पहिल्यांदा सांगितलं ते एका माजी मालगुजाराच्या दिवाणजीनं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्यानं जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मी आरमोरीच्या शाळेत मास्तर होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

"मास्तर, बजाराच्या रस्त्याले जागा आहे," तो म्हणाला. "दोन खोल्या काढा, दुकानदाराले भाड्यानं द्या. पगारावर कोनाचं भलं झालं?"

पगारावर माझं भलं होत नव्हतं हे खरं होतं. जागा घ्यायला पैसा मात्र नव्हता. बायकोला तिच्या वडिलांनी तलावाखालची एक बांधी दिली होती, बांध घातलेली धानाची जमीन, दुष्काळातही न सुकणारी. ती मी तिला विकायला लावली.

ती म्हणाली, "बाबाची तेवढीच आठवन आहे माह्याजवळ. पहिले मले जागा त दाखवा."

बाईमाणसाला जागेतलं काय कळतं, असं मी म्हणालो. हे लिहिताना आजही स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

जागा मी भर वैशाखात पाहिली. सपाट, टणक, गवताची काडी नाही, कडेला मोहाची दोन झाडं. टाच आपटून पाहिली आणि खूश झालो, की इथं भिंत खचायची नाही. झाडाखाली दोघंतिघं चिलीम ओढत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिलमीकडे पाहिलं. दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालू नये ही आमच्याकडची रीत. जळो ती रीत. मीही काही विचारलं नाही. मालगुजाराच्या माणसाकडे जुना कागद मागणं म्हणजे त्याची अब्रू काढणं, हे आमच्या हाडात बसलेलं होतं. स्टॅम्पावर सह्या झाल्या.

मृग लागल्यावर मी पायाचे दगड आणून टाकले आणि एका सकाळी बायकोला मोठ्या तोऱ्यात जागा दाखवायला नेलं. तिथं गावभरची गुरं उभी होती. बायको लांबच थांबली.

"हे त आखर होय," ती म्हणाली.

आखर म्हणजे सकाळी गावाची गुरं जमतात आणि गुराखी त्यांना रानात नेतो ती जागा. उन्हाळ्यात गुरं मोकाट असतात, म्हणून वैशाखात आखर रिकामं. लहानपणी चिमूरला मी स्वतः रोज आमची गाय आखरावर सोडून येत असे. एवढं असून मला ते ओळखता आलं नाही.

"मास्तर, दगड उचला," गुराखी म्हणाला. "गाईचा पाय मोडन."

पटवाऱ्यानं नकाशा उघडून दाखवला. आखर गावाच्या वापराचं, आता सरकारात जमा झालेलं. विकणारा तो कोण? मी तसाच दिवाणजीकडे गेलो. तो जेवून हात धूत होता.

"जागा तुमी डोळ्यानं पाह्यली का नाई? मंग मी काय फसवलं? जा कोर्टात."

कोर्ट चांद्याला, आणि मास्तराच्या खिशात वकिलापुरतंही नव्हतं. त्याचं वाटोळं व्हावं म्हणून मी नवस बोललो. पुढं त्यानं धानाची गिरणी टाकली आणि ती जोरात चालली. जागेच्या धंद्यातलं मला एवढंच कळलं, की जागा पावसाळ्यात पाहावी, आणि घ्यायच्या आधी गुराख्याला विचारावं. हे माझ्या बायकोला आधीपासून ठाऊक होतं.

धानाची रोपं लावायचे दिवस आले, रोवणे लागले, तशी ती चार बायांबरोबर मजुरीला जाऊ लागली. कुठल्या शेतात, ते मी विचारलं नाही. एक दिवस शाळा सुटल्यावर तिला शोधत गेलो, तर ती त्याच बांधीत चिखलात वाकलेली होती. नवा मालक बांधीच्या कडेला धुऱ्यावर छत्री धरून उभा होता आणि ती त्याला समजावून सांगत होती.

"भाऊ, त्या कोपऱ्यात खेकडे धुरा पोखरतात. बाबा तिथी मुरूम दाबत. तुमी बी दाबा, नाईतर पानी थांबनार नाई."

मग तिनं मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"उभे काऊन राह्यले?" ती म्हणाली. "रोपाच्या पेंड्या फेका इकडं."

मी चपला काढल्या आणि तिच्या बापाच्या बांधीत मजुरासारखा उतरलो.