काळ्या तबकडीचं घड्याळ

लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं, ही आमच्या मुळशी खोऱ्यात तेव्हा नवीच टूम निघाली होती. आधी अंगठी असायची, टोपी-उपरणं असायचं, एखाद्या नशीबवानाला सायकल मिळायची. साठच्या आसपास घड्याळानं सगळ्यांना मागं टाकलं. वेळ बघता येवो न येवो, नवरदेवाच्या मनगटावर ते हवंच. माझ्या लग्नाची सुपारी फुटली तेव्हा मुलाच्या चुलत्यानं पान तोंडात सारता सारता सांगून टाकलं, "बाकी काय मागणं न्हाई. पोराला घड्याळ तेवढं नामी पायजे."

झालं! आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चेव आला. "असं घड्याळ घालतो जावयाला, की पौडापासनं ताम्हिणीपतुर लोक वेळ इचारायच्या निमतानं बघाया येतील!"

मी आत चुलीपाशी बसून खुदुखुदु हसत होते. लग्न माझं, आणि बैठकीत चर्चा घड्याळाची. त्या दिवसांत मला कशाचंही हसू यायचं. भाकरी फुगली तरी हसू, करपली तरी हसू. आई म्हणायची, "सासरी अशीच खिदळलीस तर दुसऱ्या दिवशी माघारी धाडतील." त्याचंसुद्धा हसूच यायचं, काय करणार?

बस्ता बांधायला आम्ही तिघं एसटीनं पुण्याला गेलो. आबा, मी आणि आत्या. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. घरातलं कुठलंही कार्य तिच्या हुकमाशिवाय पुढं सरकायचं नाही. भूगाव मागं पडेपर्यंत तिला गाडी लागली होती, पण लिंबू हुंगत हुंगत तिनं कंडक्टरलाही दोन गोष्टी सुनावल्याच. लुगडी घेऊन झाली. मग आबा आम्हाला लक्ष्मी रस्त्यावरच्या एका मोठ्या घड्याळाच्या दुकानात घेऊन गेले आणि छाती काढून म्हणाले, "परदेशी दाखवा. उत्तमातलं."

दुकानदार चष्म्यातून आमच्याकडं आणि आमच्या पायातल्या वहाणांकडं बघत बसला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं लाल मखमल पसरली आणि तिच्यावर दोन घड्याळं ठेवली. दोन्ही स्विस, दोन्ही महाग.

पहिलं सोन्याचं. पापडासारखं पातळ, पांढरीशुभ्र तबकडी, तपकिरी कातडी पट्टा. "हे कोटाच्या बाहीखाली अलगद सरकतं," दुकानदार म्हणाला. "समारंभात शोभून दिसेल. पाण्यापासून आणि धक्क्यापासून मात्र जपायला हवं."

दुसरं पोलादी. जाडजूड, काळ्या तबकडीचं, ठळक आकड्यांचं. "हे खेळाडू वापरतात, बोटीवरचे लोक वापरतात. किल्ली द्यायला नको, हात हलला की चालतं. पाण्यात बुडवलंत तरी काही होत नाही. आणि काटे अंधारात चमकतात."

"कसं कळावं?" आत्या म्हणाली. "हितं तर उजेड हाय."

असं म्हणून तिनं काय करावं? घड्याळ हातात घेतलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून आत डोकं घातलं. आतून आवाज आला, "अगं बया बया बया! काजवं!" मग माझी मान धरून मलाही आत ओढलं. खरंच, हिरवे हिरवे काजवे एका वर्तुळात बसले होते. "आरं, तू बी ये की!" आबांनी डोकं घातलं तर त्यांचं पागोटं पदरात अडकलं. भर लक्ष्मी रस्त्यावर, काचेच्या दुकानात, एका पदराखाली तीन डोकी! मी हसून हसून मटकन खालीच बसले. दुकानदार छताकडं बघत उभा होता.

पण पदराबाहेर आल्यावर आबांचा हात गेला तो सरळ सोन्याच्या घड्याळाकडं. आत्याही म्हणाली, "उजेड पडतुया ते खरं. पर लग्नाच्या मांडवात काळ्या तोंडाची वस्तू? आन ती बी लोखंडाची?"

माझं हसू बंद झालं. कारण मला ते काळंच हवं होतं.

त्याचं असं होतं. मला बघायला आले तेव्हा मी रीतीप्रमाणे मान खाली घालून बसले होते. त्यामुळं मुलाचं तोंड काही दिसलं नाही, हात तेवढे दिसले. मुलगा धरणावर नोकरीला होता. होडीतून फिरून पाण्याची पातळी मोजायची, हे त्याचं काम. त्या दिवशी तो कामावरून तसाच आलेला. बाही कोपरापर्यंत भिजलेली, मनगट उन्हानं रापलेलं. चहाची कपबशी घेताना बाहीतलं पाणी टपकन बशीत पडलं आणि त्यानं तो चहा तसाच पिऊन टाकला. तेव्हापासून त्या ओल्या बाहीनं माझ्या डोक्यात घर केलं होतं. सोन्याचं ते नाजूक घड्याळ तो वरातीपुरतं घालील आणि मग ते जन्मभर पेटीत पडेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला तसलं काही द्यायचं नव्हतं. माझी वस्तू त्याच्या हातावर रोज असावी, होडीतसुद्धा असावी, असं मला फार फार वाटत होतं.

मी आत्याचा पदर ओढून कुजबुजले, "आत्या, काळं."

आबांनी ऐकलं. "का गं?"

"त्यांची बाही भिजलेली असती."

आत्या माझ्याकडं बघतच राहिली. "म्हंजी खाली मान घालून हे बघत व्हतीस व्हय! अगं सटवे!"

आबांना हसू फुटलं, पण लगेच ते आवरून म्हणाले, "पोरी, त्याचा चुलता लई खवीस हाय. सोनं दिसलं न्हाई तर भरल्या मांडवातनं पोराला उठवायला कमी करायचा न्हाई. वर हे काळं."

"मंगळसूत्राचं मणी काळंच असत्यात की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

दुकानदार इतका हसला की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. आबांनी एकदा सोन्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाले, "घेतो. तुझ्या शब्दावर घेतो. पर काय वाकडं झालं तर चार माणसांत माझं पागोटं जाईल, येवढं ध्यानात ठेव."

येताना मी एसटीत खिडकीला डोकं लावून हसत होते आणि मधेच आबांच्या पागोट्याकडं बघत होते. लग्नापर्यंत माझं हेच चाललं होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. आमच्याकडं मुहूर्त घटकेवर बघायचे. घंगाळात पाणी भरायचं, त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची, तिची पूजा करायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. घटका मांडायचं काम मानाचं, तेव्हा ते आत्याकडं.

मी पाटावर उभी राहिले. समोर अंतरपाट, पलीकडं नवरदेव. भटजी पहिलं मंगलाष्टक उचलणार, एवढ्यात मुलाच्या चुलत्यानं हात वर केला. "थांबा! घड्याळ कुटं हाय? मनगटावर चढल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत."

आबा हसतमुखानं घरात गेले, डबी घेऊन आले, उघडली. डबी रिकामी! एकच गलका उडाला. कोण म्हणतं चोरलं, कोण म्हणतं विसरलं. तेवढ्यात भटजी घंगाळाकडं बघून ओरडले, "अहो, घटिकापात्र कुठंय? आणि हे तळाशी काय?"

कुंकवानं लाल झालेलं पाणी, वर झेंडूचं फूल, आणि खाली आमचं स्विस घड्याळ.

"बुडालं!" आबा मटकन बसले.

"मंग?" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "घटका बुडायलाच ठेवत्यात न्हवं? येवढं इलायती घड्याळ घरात असताना ती भोकाची वाटी कशापायी मांडायची? त्यो दुकानदारच म्हनला, पाण्यात चालतंय. हळदकुकू वाहून, पाया पडून ठिवलंय म्या."

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. माझ्याही खांद्यांना हिसके बसत होते. माझे मामा मागून पुटपुटले, "गप, मुंडावळ्या सुटतील."

चुलत्यानं बाहीसकट हात घंगाळात घातला, घड्याळ काढलं आणि कानाला लावलं. "चालतंय," तो नाइलाजानं म्हणाला. वाजंत्र्यानं उत्साहात ढोलावर एक टिपरू हाणलं.

मग त्यानं घड्याळ पुसलं आणि त्याचा आवाज चढला. "पर हे काय? काळं? लोखंडाचं? आमच्या पोराचा ह्यो मान? कुणाची ही अक्कल?"

ढोल गप्प झाला. अंतरपाटाच्या कडेनं मला दिसलं, आबा उठले आणि त्यांनी त्या माणसापुढं हात जोडले. "माझंच चुकलं..."

ते जोडलेले हात मला बघवले नाहीत. "म्या निवडलंय," मी मोठ्यानं म्हणाले.

आत्यानं मला असा चिमटा काढला की डोळ्यात पाणी आलं. नवरी मांडवात बोलली! चुलता आधी गांगरला, मग नवरदेवाकडं वळला. "ऐकलंस? अक्षता पडायच्या आधीच हिला तोंड फुटलंय. तूच सांग, हे घालतोस, का उठायचं मांडवातनं?"

समोर नुसतं कापड आणि त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू येत नव्हतं. आबांचं पागोटं, माझं लग्न, सगळं त्या कापडापलीकडच्या माणसाच्या हातात होतं.

मग आवाज आला. मी तो कधी ऐकलेला नव्हता.

"काका, घड्याळ द्या हिकडं." पट्टा लागल्याची टिक झाली. "झ्याक बसलं की. आन भटजीबुवा, मंगलाष्टकं जरा भराभर म्हना. कोण बोललं ते मला बघायचंय."