मागचा जिना

आई खोटं बोलत नसे. हे कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगते आहे. दारात विमा एजंट आला की मी म्हणायची, "घरात नाही म्हणून सांगते." तर ही बाई चपला घालून मागच्या जिन्यात जाऊन उभी राहायची. "आता सांग. आता मी खरंच घरात नाही." एजंट आरामात पाणी पीत बसायचा आणि हिचे गुडघे जिन्यात कुरकुरायचे. एवढा आटापिटा कशाला, विचारलं तर म्हणायची, "देव ऐकतो." त्याला दुसरं काम नाही का, असं मी पुटपुटायची.

ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. मी तिला रोज सकाळी स्कूटरवरून गेटापाशी सोडायची.

माझा मावसभाऊ वायरमन होता. ताडमाड वाढला म्हणून लहानपणापासून त्याला खांब्या म्हणायचे. पुढे खरंच खांबांवर चढायला लागला, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. एका मंगळवारी सकाळी तो खांबावरच गेला. विजेचा धक्का बसला, संपलं.

पाचव्या दिवशीही मावशी एका जागी बसत नव्हती. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. दार उघडायची, लावायची, परत उघडायची. तोंडात एकच. "जातो म्हणाला. रोज येतो म्हणायचा, त्या दिवशी जातो म्हणाला. आणि मी त्याला थांबवलं नाही."

भांडण कशावरून, तर ओल्या टॉवेलवरून. त्यानं पलंगावर टाकला, ही ओरडली, तो म्हणाला, "बस टॉवेल कवटाळून, जातो मी." तो टॉवेल अजून तिथेच होता, वाळून कडक झालेला. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

भेटायला आलेले लोक दहा मिनिटांत घड्याळ बघायला लागत. त्या येरझाऱ्यांनी माझंही डोकं भणभणायला लागलं होतं. शेवटी मी बोलून गेले, "मावशी, एका शब्दानं माणूस मरत नाही!" मी बोललेलं खरंच होतं, पण त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ती माझ्याकडे बघून पुन्हा दाराकडे निघाली.

तेवढ्यात आई ड्यूटीवरून थेट तिथे आली. बस म्हणाली नाही, रडू नको म्हणाली नाही. कपाट उघडलं, घडी घातलेली चांगली चादर काढली आणि झटकून मोकळी केली.

"धाकटे, ते टोक धर."

"ताई, आत्ता?"

"धर तर."

मावशीनं टोकं धरली. दोघी लांब सरकल्या, चादर ताणली, मग चालत जवळ आल्या. टोकं जुळवली, पुन्हा मागे सरकल्या, पुन्हा जवळ. मावशीच्या येरझाऱ्या चालूच होत्या, पण आता प्रत्येक फेरीच्या शेवटी आई होती. एक झाली की आई दुसरी काढायची. चौथ्या चादरीला दोघींचे हात जुळले, तेव्हा आई हळूच म्हणाली, "मला भेटला होता त्या सकाळी. हॉस्पिटलच्या गेटावर. 'येतो गं मावशी' म्हणाला."

त्या सकाळी आमची स्कूटर पंक्चर झाली होती. दहा वाजेपर्यंत आम्ही दोघी टायरवाल्याच्या बाकड्यावर बसलो होतो. गेट आम्ही पाहिलंसुद्धा नव्हतं.

मावशी झटकन माझ्याकडे वळली. "तूच सोडतेस ना हिला रोज? तू ऐकलंस?"

खरं तोंडावर सांगते म्हणून घरात मला सगळे टरकून असतात. आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती आधीच सरळ असलेली चादरीची कड पुन्हा सरळ करत होती.

"हो," मी म्हणाले. "दोनदा म्हणाला. गाडीवरून मागे वळून परत म्हणाला."

मावशी पलंगावर बसली. पाच दिवसांत पहिल्यांदा बसली. मग तिनं तो टॉवेल ओढून मांडीवर घेतला, हातानं मऊ केला, आणि त्याची घडी घातली.

घरी आल्या आल्या आईनं पिशवी ठेवली आणि चपला न काढता सरळ मागच्या जिन्यात गेली. दारात एजंट नव्हता, कुणीच नव्हतं. मी आतून दाराला कान लावला.

"खोटं मी बोलले," आई म्हणत होती. "पोरगी माझ्यामुळे बोलली, तिला काही करू नकोस."

मग लाँड्रीत डाग राहिला की चढायचा तसा तिचा आवाज चढला.

"पण एवढासा शब्द होता रे. तेवढा म्हणू दिला असतास त्याला, तर तुझं काय गेलं असतं?"

आणि मग ती रडली. मी दार ढकललं आणि तिच्या पायरीवर जाऊन बसले.