संपल्यानंतरची दोन पानं

मंडईत मटार घेत होतो तेव्हा माधवरावांचा फोन आला. "आजचा गुरुवार होणार नाही," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "वसुधा गेली... पहाटे, झोपेतच." मी पिशवी उघडी धरून तसाच उभा. भाजीवाल्या मावशी विचारत होत्या, "काका, अर्धा किलो करू ना?" मी हो म्हणालो. त्या मटारांचं पुढे काय झालं, आठवत नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. वसुधाताई आणि माधवराव हे नवरा-बायको आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. रशियन यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करण्यात वसुधाताईंची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅम्पातल्या एका कुटुंबाकडून जुना पियानो घेतला आणि तो दुपारी दोन वाजता वाजवायला सुरुवात केली. दुपारी दोन वाजता, सदाशिव पेठेत! मी तणतणत वर गेलो. दार उघडून त्या म्हणाल्या, "झोपमोड झाली का? बरं झालं. बसा." बसलो तो दहा वर्षं बसलो.

दर गुरुवारी साडेचारला आमची बैठक असे. श्रोते दोन, मी आणि माधवराव. नावाजलेल्या रशियन संगीतकारांना त्या घरात प्रवेश नव्हता. "त्यांना ऐकायला अख्खं जग बसलंय, आपण उरलेल्यांचं बघू," असं वसुधाताईंचं म्हणणं. मग कुणी दिवसभर शाळेत शिकवून उरलेल्या वेळात लिहिणारा, कुणी ज्याच्या वह्या बहिणीनं ट्रंकेत जपून ठेवल्या असा... नियम एकच. आधी ऐकायचं, मग वाजवणाऱ्यानं नाव सांगायचं आणि मगच चहा. "नाव आधी कळलं की पुणेकर मत देऊन मोकळा होतो, ऐकत नाही," त्या म्हणत. मीही नावं इथे देत नाही, त्या रागावतील. एकदा एका तुकड्यात डाव्या हाताचा एकच खर्जातला सूर इतका वेळ घुमत राहिला की मी ओरडलो, "अहो, हा तर तंबोरा!" वसुधाताई वाजवता वाजवता थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागल्या आणि त्या दिवशी चहा राहूनच गेला. इतका आनंद मला साठी उलटल्यावर मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी भजनी मंडळाचा पेटीवाला. पेटीत उजवा हात सूर काढतो, डावा नुसता भाता हलवतो. त्यामुळे त्यांनी मला पियानोवर बसवलं तेव्हा डावा हात मांडीवर गप्प. "चाळीस वर्षांनी त्याला पहिली खरी नोकरी लागलीय," त्या म्हणाल्या, "रुजू व्हायला वेळ द्या."

आमची सगळ्यात लाडकी रचना म्हणजे सहा पानांची एक झेरॉक्स, अप्पा बळवंत चौकातून बांधून आणलेली. ती चौथ्या पानाशी अगदी संपल्यासारखी होते आणि मग पुन्हा हळूच सुरू होते. वसुधाताई त्यावर दरवेळी छोटं भाषण देत. निरोप मध्येच घेऊन पुढे चालत राहणारा माणूस म्हणजे काय धाडसाचा, वगैरे. मीही मान डोलवायचो. तीन वर्षांनी माधवरावांना मोबाइलवर तिचं ध्वनिमुद्रण सापडलं. आम्ही ऐकत होतो. आमची शेवटची दोन पानं मधेच येऊन गेली आणि आमच्या चौथ्या पानाशी संपून टाळ्याच पडल्या! झेरॉक्समध्ये पानांचे आकडे कापले गेले होते आणि बांधणाऱ्यानं पानं उलटसुलट शिवली होती. मग वसुधाताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पुन्हा बांधून आणू का?" माधवरावांनी विचारलं. "मुळीच नाही. त्याला सुचलं नाही, आपल्या बाइंडरला सुचलं."

ती रचना दोन्ही हातांनी, आमच्या क्रमानं, सलग वाजवून दाखवीन असं मी त्यांना कबूल केलं होतं. पण दरवेळी चौथ्या पानाशी माझा दम संपायचा. "इथे संपतंच की अधिकृतपणे," मी म्हणायचो. शेवटच्या गुरुवारीही तेच झालं. त्या खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या. "संपल्यानंतरची दोन पानं मला तुमच्याकडून ऐकायची आहेत हो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "पुढच्या गुरुवारी नक्की." हे 'नक्की' मला सहा आठवडे टोचत होतं. शब्द दिला होता आणि पाळला नाही, एवढंच डोक्यात.

परवा गुरुवारी साडेचारला माधवरावांनी गॅलरीतून हाक मारली. "अहो, वर येताय ना? आधण ठेवलंय." गेलो. पियानो पुसलेला होता, त्या झेरॉक्सची वही उघडलेली. माधवरावांना स्वरलेखनातलं ओ की ठो कळत नाही. वसुधाताईंनी मान हलवली की पान उलटायचं, एवढंच त्यांचं काम. सवयीनं ते माझ्या शेजारी उभे राहिले. मी सुरू केलं. डावा हात अडखळत, पण येत होता. चौथं पान संपलं आणि माझे दोन्ही हात आपोआप थांबले. मान हलवायचं मला सुचलंच नाही. तरी माधवरावांनी पान उलटलं.

मग मी ती दोन पानं वाजवली. चुकत वाजवली, पण सगळी वाजवली. आमच्या क्रमानं शेवटचा सूर अधांतरीच राहतो, तो तसाच राहिला. माधवरावांनी वही मिटली. मग म्हणाले, "नाव सांगा आता."

मी वसुधाताईंचं नाव सांगितलं.

"बरोबर," ते म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.