विहीणबाईंबरोबर गोंगजूला

माझी विहीण मला पहिल्यापासून आवडली नाही, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढचं सांगताना आडपडदा राहणार नाही.

त्या भोरच्या. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. मी वेल्ह्याची, जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षं मुलं शिकवून निवृत्त झालेली. लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य असं होतं, "आमचं कसं आहे बाई, आम्ही संस्थानातले." संस्थान जाऊन किती पिढ्या झाल्या! आणि होतं तेव्हाही यांच्या घराण्याचा त्याच्याशी संबंध काय, तर वाड्यावर पडद्यांचं कापड पोचवण्याचा. मी गप्प बसले. लेकीनं मुलगा स्वतः पसंत केला होता, आणि मुलगा खरंच चांगला होता. तो या आईच्या पोटी कसा आला हे मला अजून उमगलेलं नाही.

लग्नानंतर दोघंही नोकरीसाठी दक्षिण कोरियात, सोल शहराजवळ गेले. तिथं स्थिरावल्यावर त्यांनी दोन्ही आयांना एकदमच बोलावलं. "तुम्हाला एकमेकींची सोबत होईल," लेक म्हणाली. माझे मालक जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि विहीणबाईंचे मालक दुकानाचं कुलूप दुसऱ्याच्या हाती देणारे नव्हेत. त्यामुळे सोबत झाली ती आमची दोघींचीच.

ती कशी असणार ते निघतानाच कळलं. मुंबई विमानतळासाठी त्यांनी गाडी ठरवली होती. वेल्ह्याहून मी नसरापूरला उतरले असते, हायवेवर उभी राहिले असते आणि त्यांनी मला जाता जाता घेतलं असतं. पण नाही. "तुम्ही कापूरहोळलाच या बाई, तिथं आमच्या ओळखीच्या ढाब्यावर चहा घेऊ." म्हणजे मी बॅगा घेऊन उलटी मागं कापूरहोळला जायचं, चहा प्यायचा, आणि पुन्हा नसरापूरवरूनच पुढं यायचं. मी गेले. तासभर त्यांच्या गाडीची वाट बघितली. चहा पाणचट होता. त्या ढाब्यावर त्यांना कुणी ओळखलंही नाही.

सोलजवळ मुलांच्या सतराव्या मजल्यावरच्या घरात आम्हा दोघींना एक खोली होती. पहिल्या आठवड्यातच मला त्यांच्या घोरण्याच्या तीन चाली पाठ झाल्या. त्यांना सगळं नवल वाटे आणि प्रत्येक नवल त्या मोठ्यानं बोलून दाखवत. लिफ्टमध्ये, दुकानात, कुठंही. लोक वळून बघत आणि त्या हात हलवून त्यांना नमस्कार करत. माझी लेक त्यांना "मम्मी" म्हणते. मला मात्र आपली साधी आई. यावरूनही मला राग येई. मला स्वतःला कुणी मम्मी म्हटलेलं खपलं नसतं, तरीसुद्धा.

एका शुक्रवारी जावई म्हणाला, "आई, मम्मी, उद्या आपण दोन दिवस गोंगजूला जाऊ. छोटं शहर आहे, एकदम शांत. मस्त रिलॅक्स होऊ."

मला हसूच आलं. वेल्ह्यात शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या येतात, त्यातली माणसं अशीच शांत होण्यासाठी उतरतात. गाणी लावतात, बाटल्या टाकतात आणि रविवारी संध्याकाळी शांत होऊन परत जातात. त्यांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले. आणि आता मी विमानात बसून परदेशात तेच करायला आले होते. तेही कोणाबरोबर, तर विहीणबाईंबरोबर.

बस दीड-दोन तासांची होती. बाहेर भात पिवळा पडून कापणीला आला होता. एका खाचरात एकटं यंत्र फिरत होतं. बांधावर माणूस नाही, जेवणाची पाटी नाही. मी बघत होते तर विहीणबाई कानाशी म्हणाल्या, "तुमच्या वेल्ह्यासारखंच आहे की हो! फक्त स्वच्छ."

मी खिडकीकडं तोंड केलं ते गोंगजू येईपर्यंत.

उतरलो ते एका ओढ्याकाठच्या जुन्या कौलारू घरात. खोलीत पलंग नव्हता, जमिनीवर गाद्या होत्या आणि जमीन खालून गरम केलेली होती. विहीणबाई पदर कमरेला खोचून सरळ आडव्या झाल्या. "अगं बाई, कंबर कशी शेकतीये!" असं तीनदा म्हणाल्या. घराची मालकीण पन्नाशीची, अबोल बाई होती. तिनं जेवायला पंधरा-वीस छोट्या वाट्या मांडल्या. मी एकेक चाखून बघत होते, तेवढ्यात यांनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची बरणी काढली आणि स्वतःच्या भातावर पसरली. वर मालकिणीच्या हातावरही चमचाभर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईनं ती तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, हसली आणि पुन्हा हात पुढं केला. "बघा," विहीणबाई मला म्हणाल्या, जणू मीच पैज लावली होती.

दुपारी कॉफीच्या दुकानात गेलो. तिथं तरुण पोरं ओळीनं बसून कपाचे फोटो काढत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. याला ते शांतता म्हणत असतील तर म्हणोत. मला ती आजारी माणसाच्या खोलीतली वाटली. जावई पुनःपुन्हा विचारी, "आई, छान वाटतंय ना?" मी म्हणे, "छान." शाळा तपासणीला आलेल्या साहेबाला म्हणायचे त्याच आवाजात.

रविवारी सकाळी तिथल्या जुन्या किल्ल्याच्या दाराशी आलो. नदीच्या काठावरच्या टेकडीला दगडी तटबंदी घातलेली आणि तटावर पिवळी निशाणं. लेक आणि जावई म्हणाले, "आम्ही जरा ओढ्याकडची दुकानं बघून येतो. तुम्ही इथं बाकावर निवांत बसा. दमू नका."

दमू नका! हिर्डोशीच्या शाळेवर होते तेव्हा एसटी चुकली की डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मी घाटाकडचा रस्ता तुडवलाय. लहानपणी तोरण्यावर वर्षातून दोनदा जायची. त्याच्यापुढं ही टेकडी म्हणजे अंगणातला ओटा. मुलं नजरेआड होताच मी उठले.

"कुठं निघालात?" विहीणबाईंनी विचारलं.

"एक फेरी मारून येते."

"मग मीही येते की." त्यांनी लेकानं घेऊन दिलेले पांढरे बूट घातले होते, नऊवारीसारख्या उंच नेसलेल्या साडीखाली. त्या माझ्यामागून निघाल्या, आणि त्यांना यायचंय ते किल्ला बघायला नाही, मला एकटीला जाऊ द्यायचं नाही म्हणून, हे मला कळत होतं. मी मुद्दाम पाय उचलला. पायऱ्या उभ्या होत्या. मागं त्यांचा श्वास ऐकू यायला लागला तशी मी आणखी भरभर चालले. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

अर्ध्या चढावर एक लाकडी मंडप लागला. विहीणबाई खांबाला धरून बसल्या. चेहरा लालबुंद.

"थांबा हो जरा."

"तुमी बसा. म्या येते जाऊन." रागात किंवा घाईत माझी बोली अशी वर येते. एरवी त्यांनी लगेच टोकलं असतं. आज नाही टोकलं.

"मला एकटीला टाकून? इथं कुणाला माझं बोलणं कळणार?"

"इथं काय वाघ न्हाई खाणार तुमाला," मी म्हटलं आणि निघाले.

वर वारा होता. एका बाजूला नदी, रुंद आणि संथ, पलीकडं शहराच्या इमारती. तटावर दोघं-चौघं भेटले, मान लववून पुढं गेले. मला फार हलकं वाटलं. त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या कानाशी कुणी बोलत नव्हतं. खाली नदीशी एक देऊळ दिसलं. तिकडं वळायचं काही कारण नव्हतं, तरी उतरले. पायरीवर बसले. विहीणबाई वाट बघत असतील हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी उठले नाही. बघू दे वाट. कापूरहोळला मी नव्हते का बघितली?

तासाभरानं मंडपाशी आले तर तिथं कुणी नव्हतं.

पहिल्यांदा चीड आली. माझा फोन खोलीवर होता. तिथलं सिम असलेला एकच फोन विहीणबाईंच्या पर्समध्ये. पायऱ्या धुंडाळल्या, तटाच्या कडेनं खाली वाकून बघितलं. एका माणसाला हातवारे करून साडी, अंबाडा, सगळं दाखवलं. त्यानं मला पाण्याची बाटली दिली. मी धावतच दाराकडं उतरले. त्यांना काही झालं असेल ही भीती नंतर आली. आधी भीती वाटली ती लेकीला काय सांगू याची. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

दाराबाहेर रस्त्याकडेला तीन म्हाताऱ्या चेस्टनटची तपकिरी फळं विकायला बसल्या होत्या. त्या गावचं ते मुख्य पीक आहे. भाजल्यावर फणसाच्या आठळीसारखं लागतं. त्यांच्यात चौथी बसली होती ती माझी विहीण. मांडी घालून, हातात छोटी सुरी घेऊन चेस्टनट सोलत. तोंड अखंड चालू, मराठीत. त्या तिघी कोरियनमध्ये उत्तरं देत होत्या आणि चौघी हसत होत्या. मी तीस वर्षं वर्गात भाषा शिकवली. दोन आठवड्यांत मला तिथल्या एकाही बाईशी दोन शब्द बोलता आले नव्हते.

पण लेक आणि जावई माझ्याआधी पोचले होते. जावयाचा चेहरा उतरलेला होता. तो माझ्याशी कधी वर आवाजात बोलला नव्हता. आताही नाही बोलला, पण म्हणाला, "आई, तुम्ही मम्मीला एकटं सोडून गेलात? तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत."

लेक माझ्याकडं बघत होती. ती माझी पोर आहे, तिला उत्तर माहीत होतं.

मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई सुरी न थांबवता म्हणाल्या, "अरे, मीच पाठवलं त्यांना. त्या निघतच नव्हत्या. म्हटलं, माझ्यापायी तुमचा किल्ला कशाला राहायला पाहिजे? उगाच बाईंना बोलू नकोस."

जावयानं माझी माफी मागितली. मी ती घेतली.

परतीच्या बसमध्ये मुलं पुढं बसली, आम्ही मागं. त्यांच्या मांडीवर चेस्टनटची कागदी पिशवी होती. बस शहराबाहेर पडली. मग न राहवून विचारलं, "खोटं का बोललात?"

"मग काय सांगायचं होतं? तुम्ही मला टाकून गेलात म्हणून?" त्यांनी एक चेस्टनट सोलून माझ्या हातावर ठेवला. "माझ्या पोराला आधीच वाटतं की तुम्ही आम्हाला हलकं समजता. मी त्याला सांगते, नाही रे, त्यांचा स्वभावच कडक आहे, मास्तरीण ना. आता त्याला वाटतं ते खरंच आहे हे कशाला कळू द्यायचं? त्याला तुमच्या लेकीबरोबर जन्म काढायचाय."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. बैठकीपासून. माझं गप्प बसणं, खिडकीकडं तोंड फिरवणं, पायऱ्यांवर पाय उचलणं, सगळं. मी समजत होते की मी मोठ्या मनानं सहन करतेय, आणि ही कापडवाली बाई मला सहन करत होती. मला इतका संताप आला की हातावरचा चेस्टनट मी परत पिशवीत टाकला. ती मला बोलली असती तर मी तिला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तिनं मला वाचवलं. ते मी तिला कधीच माफ करणार नाही असं त्या क्षणी वाटलं, आणि अगदीच चुकीचं वाटलं असंही म्हणत नाही.

आम्ही परत आलो त्याला आता काही महिने झाले. मी बदलले, आमचं गूळपीठ झालं, असलं काही झालेलं नाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला भोरला गेले होते तर त्या पंचवीस बायकांना सांगत होत्या, "तिकडं किल्ला चढलो आम्ही दोघी! बाई पुढं, मी मागं." सोलला बघितलेल्या राजवाड्याचं त्यांनी तिथं असं वर्णन केलं की जणू त्यात पडद्यांचं माप घ्यायला गेल्या होत्या. मी समोर बसून तिळगूळ खाल्ला. किती बोलते ही बाई, असंच मनात आलं. पण कुणीतरी मला विचारलं, "खरंच चढलात दोघी?" तेव्हा मी "व्हय" म्हणाले.

गेल्या रविवारी त्या न सांगता वेल्ह्याला आल्या. एसटीनं, एकट्या. आल्या आल्या एसटीला नावं ठेवली, रस्त्याला ठेवली, माझ्या चहात साखर कमी म्हणाल्या. मग ओसरीवरून बाहेर बघत म्हणाल्या, "किती शांत आहे हो इथं. कसं राहता?"

"राहते," मी म्हटलं.

दुपारी जेवून त्या माझ्या फरशीवर पडल्या आणि झोपल्या, तोंड उघडं टाकून. परतीची एसटी निघून गेली तरी उठल्या नाहीत. मी त्यांना उठवायला दोनदा गेले आणि दोनदा परत आले. मग मनातल्या मनात चांगले सहा-सात शब्द हासडले आणि रात्रीसाठी दोघींपुरते तांदूळ निवडायला घेतले.