डाव्या काचेतले दोन दिवे

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. आमच्या चिखलीच्या चौकात कोणी उतारा टाकला, तर त्यातला नारळ बरा आहे का ते बघणारा मी माणूस. चौदा वर्षं सीएनसी मशीनवर काढलीत. मायक्रोमीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा... यावरून बायकोशी दर अमावास्येला वाजतं. तरी आज लिहायला बसलोय, कारण गेले चार महिने मला धड झोप नाही. नावं बदलली आहेत. कंपनीचं नाव सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. नऊ वर्षांपूर्वी एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करताना लोखंडाचा तुकडा उडून लागला आणि आतला पडदा फाटला. ऑपरेशन झालं, उपयोग शून्य. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, त्यामुळे कोणाला कळत नाही. लोक समजतात की आंधळ्या डोळ्याला काळं दिसतं. तसं नसतं हो. तुम्हाला कोपराने जेवढं दिसतं, तेवढं मला डाव्या डोळ्याने दिसतं.

आताच्या कंपनीत हे कोणाला माहीत नाही. दरवर्षी मेडिकल होतं, तेव्हा आधी उजव्या डोळ्याने तक्ता वाचायचा आणि डाव्याच्या वेळी तोच पाठ म्हणायचा. शेवटच्या ओळीत एखादं अक्षर मुद्दाम चुकवायचं, म्हणजे संशय येत नाही. हे कळलं तर मशीनवरून उतरवतील. दोन मुलांच्या शाळा आणि गावाकडे आई — सगळं त्या मशीनवर उभं आहे.

गेल्या वर्षी शुगर निघाली, म्हणून सायकल घेतली. चाकण ते चिखली, आतल्या रस्त्याने. ओव्हरटाइम करून आठला सुटायचो, आणि तेव्हा मिट्ट काळोख असतो. धूळ, चिलटं, ट्रकमागे उडणारी खडी... एकच डोळा शिल्लक असलेल्या माणसाला या सगळ्याची किती धास्ती असते, ते दोन डोळेवाल्यांना नाही कळायचं. म्हणून गॉगल. कंपनीचा सेफ्टी गॉगल घालून बघितला, तर त्याच्यावर इतके चरे की समोरचा प्रत्येक दिवा फुटल्यासारखा पसरायचा. शेवटी चिखलीतल्या चष्म्याच्या दुकानात गेलो.

दुकानदार वयस्कर, शांत माणूस. त्याने तीन गॉगल काढून ठेवले — काळा, पिवळा, आणि साध्या काचेचा पांढरा. काळा त्याने स्वतःच बाजूला केला.

"अंधारात चालवायची तर पांढराच घ्या," तो म्हणाला. "पिवळ्यात उजळ वाटतं, पण ते नुसतं वाटतं. उलट थोडा उजेड तो खातोच."

मी पिवळा घालून दाराबाहेर बघितलं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे पांढरेफेक दिवे एकदम मऊ झाले. म्हटलं, हाच द्या.

"घरी दोन्ही न्या. पांढराही पडू द्या बॅगेत," तो म्हणाला, आणि मी दोन्ही नेले. तज्ज्ञाचं ऐकायचं नाही आणि वर पैसेही द्यायचे, ही आमच्या घराण्याची रीत.

चाकणहून कुरुळीकडे येताना एक लांब उतार आहे. डाव्या हाताला एका बंद पडलेल्या कंपनीची भिंत आहे, आणि भिंत आणि डांबर यांच्या मधे गाडी जाईल एवढी कच्ची पट्टी. तिथे खांब आहेत, पण दिवे नाहीत. कुरुळीपर्यंत माझ्यासोबत भानुदास असायचा, तोही सायकलवर. तो तिथलाच. आजोबांची शेती होती, आता हा आमच्याच कंपनीत स्टोअरला. गॉगल वगैरे त्याच्या लेखी नखरे.

पिवळा घालून पाचसहा दिवस झाले असतील. उतारावर भिंत लागली, तसे डाव्या काचेच्या आतल्या बाजूला, कडेला, दोन दिवे दिसले. हरभऱ्याएवढे, शेजारी शेजारी. चष्मेवाल्यांना हे माहीत असतं. मागून गाडी आली की तिचा उजेड काचेच्या आतून चमकतो. मी सवयीने सायकल कडेला दाबली आणि मागे बघितलं.

मागे काहीच नव्हतं. रस्ता रिकामा.

असेल कुठला तरी उजेड, म्हणून पुढे निघालो. कुरुळीत भानुदास वळला, मी एकटा राहिलो, आणि मग डोक्यात आलं... डावी काच. मी ते दिवे डाव्या डोळ्याने बघितले होते.

सायकल थांबवली. उजवा डोळा हाताने झाकला. नेहमीसारखं, कोपराने बघितल्यासारखं. काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत दिवे. या वेळी चालत्या सायकलवर उजवा डोळा मिटला. जग गेलं, रस्ता गेला, पण ते दोन दिवे तसेच, आणि आता बोराएवढे. आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. मागची गाडी आपल्या उजवीकडून येते, तिचा उजेड उजव्या काचेत पडायला हवा. हे दिवे डावीकडचे होते, आणि माझ्या डावीकडे भिंत होती.

तिसऱ्या दिवशी ते लिंबाएवढे झाले. मी इतका घाबरलो की उतरून रस्ता ओलांडला आणि पलीकडून सायकल ढकलत नेली.

"भावा, काय झालं रं?" भानुदास म्हणाला. "पंक्चर हाय का?"

"चेन पडतीय," मी म्हणालो.

डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. काय सांगणार? ज्या डोळ्याने दिसत नाही म्हणून लपवतोय, त्याने दिसायला लागलंय? दुकानदाराला गॉगल तपासायला दिला. त्याने काच पुसून, उजेडात धरून परत दिली. काही दोष नव्हता. शेवटी रेखाला, माझ्या बायकोला, सांगितलं. वाटलं होतं अंगारा काढेल. ती म्हणाली, "अहो, दुकानदाराने पहिल्यांदा काय सांगितलं होतं? पांढरा घाला. मुकाट्याने."

पांढरा घातला आणि दिवे बंद. आठ दिवस काही नाही. घरी येऊन मी पोटभर जेवायला लागलो.

आता पुढचं लिहायला हात चालत नाही. पण ते लिहिलं नाही तर बाकीच्याला अर्थ नाही.

पिवळा गॉगल मला घरात नको होता. फेकायचाही धीर होत नव्हता. एका संध्याकाळी भानुदासच्या डोळ्यात चिलट गेलं, डोळा लालबुंद झाला. मी बॅगेतून पिवळा काढून त्याच्या हातात ठेवला. "घे, माझ्याकडे जादाचा आहे." एवढंच म्हणालो. पीडा दुसऱ्याच्या गळ्यात बांधतोय हे मला त्या क्षणी कळत होतं. कळत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल.

त्याला गॉगल आवडला. रोज भिंत आली की मी विचारायचो, "काही दिसतंय का रे?"

"काय दिसायचंय? कुत्री हायेत दोन."

पंधरा दिवस असेच गेले. एका शुक्रवारी आम्ही उतारावर होतो. मी डांबरावर, भानुदास माझ्या डावीकडे कच्च्या पट्टीवर, थोडा मागे. मुलीच्या बारशाचं सांगत होता, चारशे पानं उठतील म्हणत होता. मला मागून कसलाच उजेड दिसला नाही, आवाजही आला नाही. फक्त एकदम वाऱ्याचा झोत आला आणि बोलणं मधेच तुटलं.

मालाने भरलेला टेम्पो होता. वायरिंग जळून इंजिन बंद पडलं होतं, दोन्ही दिवेही गेले होते. ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून भिंतीच्या कडेकडेने कुठल्या तरी गॅरेजपर्यंत न्यायला निघाला होता. कच्च्या पट्टीवरून, डावीकडून. भानुदास भिंत आणि टेम्पोच्या मधे सापडला. पिवळा गॉगल दहा फुटांवर पडला होता, एक ओरखडाही न पडता.

जीव वाचला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड घातला. बारसं त्याच्याशिवाय झालं.

महिन्याने त्याच्या घरी गेलो. कॉटवर पडून होता, बाळ शेजारी झोपलेलं. मी त्याला सगळं सांगितलं. डोळ्याचं, मेडिकलचं, दिव्यांचं. कंपनीत एक शब्द बोलला असता तर माझी नोकरी गेली असती, पण त्या दिवशी त्याची भीती वाटली नाही. त्याच्या तोंडाकडे बघायची वाटत होती.

तो छताकडे बघत म्हणाला, "आन् तुला भ्या वाटलं, म्हून मला दिला व्हय?"

"हो," मी म्हणालो.

"मला नीट सांगितलं असतंस तर?"

"तू हसला असतास."

"हसलो असतो," तो म्हणाला. "पण हसत हसत तुझ्या पलीकडल्या अंगाला चालवली असती ना, राव."

मी रडलो. त्याने बाळ उठेल म्हणून गप्प केलं. निघताना गादीखालून पिवळा गॉगल काढून माझ्या हातात दिला. "माझ्याजवळ ह्यो मुकाच राहायचा," म्हणाला. "तूच घाल."

बऱ्याच जणांना विचारून झालंय. एकाने सांगितलं, मेलेल्या डोळ्यालाही मेंदू कधीकधी उजेडाचा भास देतो. असेल. पण भासाला ती जागा कशी कळली, ती बाजू कशी कळली, आणि ज्या गाडीला दिवेच नव्हते तिचे दिवे मला तीन आठवडे आधी कसे दिसले, हे त्यालाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

आता मी रोज पिवळाच घालतो. भिंत आली की वेग कमी करतो, क्षणभर उजवा डोळा मिटतो आणि डाव्याने बघतो. काही दिसत नाही. तीन महिन्यांत एकदाही नाही. आणि दिसत नाही म्हणजे मागे काही नाही... की ज्याने मला तीनदा सांगून बघितलं, त्याने आता सांगायचंच सोडून दिलंय, हे कळत नाही. डोळा उघडेपर्यंत सायकल तशीच उतारावरून जात असते.