बंदर नसलेल्या देशाची प्रतिनिधी

एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय हौसेनं घेतला खरा, पण तो तास न् तास बाकावर बसून ऐकायचा म्हणजे माझ्या जिवावर यायचं. पाय हलत राहायचा, पेन टकटकत राहायचं आणि शेजारी बसणारी वैतागायची. त्यामुळे शनिवारी सकाळी हायस्कुलांत जाऊन हाच विषय मुलांना शिकवायला कोण तयार आहे, असं विभागात विचारलं गेलं तेव्हा माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. निदान उभं राहून बोलायला मिळेल, एवढंच.

आमच्या वाट्याला तीन शाळा आल्या. व्हाइटफील्डची आणि इंदिरानगरची इंग्रजी माध्यमाची, येलहंक्याची कन्नड माध्यमाची. येलहंक्याला जायला कोणी तयार होईना. एक तर लांब, त्यात बाहेरगावाहून आलेल्यांना कन्नड येत नाही. आमचं घराणं या शहरात इतक्या पिढ्या राहतंय की आमच्या मराठीत निम्मं कन्नडच असतं, त्यामुळे ती शाळा आपसूक माझ्या गळ्यात पडली. जोडीला पुण्याहून आलेली माझी मैत्रीण. तिला कन्नडमधले ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, ठीक, हे दोनच शब्द यायचे, पण स्लाइड्स मात्र ती सुरेख करायची.

वर्ग दहावीचा. शाळेजवळच हवाई दलाचा विमानतळ असल्यामुळे मधूनच एखादं विमान डोक्यावरून जायचं आणि आवाज ओसरेपर्यंत सगळे गप्प बसायचे. मला तेवढा वेळही गप्प बसवत नसे, मी फळ्यावर काहीतरी खरडत राहायची. पहिल्याच शनिवारी आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहाचं चित्र दाखवलं. काचेमागे बसलेले दुभाषी, प्रतिनिधींच्या कानांतले हेडफोन. तिथे सहा अधिकृत भाषा आहेत, त्यांतल्या कुठल्याही भाषेत कोणी बोललं तरी बाकीच्यांना ते हव्या त्या भाषेत ऐकू येतं, हे मी रंगवून सांगितलं. मग सत्राच्या शेवटी आमच्या विभागात होणाऱ्या परिषदेबद्दल सांगितलं. तिन्ही शाळांची मुलं येणार, प्रत्येक शाळा म्हणजे एक काल्पनिक देश, भाषा इंग्रजी.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. बारीक चणीची, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली.

“अक्का, तिथे सहा भाषा चालतात, मग तुमच्याकडे एकच का?”

नियम करताना आम्ही सातआठ जण तासभर भांडलो होतो. कोणी किती मिनिटं बोलायचं, टाय सक्तीचा करायचा का, अध्यक्षांना काय म्हणून हाक मारायची. भाषेचा मुद्दा कोणी काढलाच नव्हता. दुभाष्यांची चित्रं गोळा करून स्लाइड करणाऱ्या आम्ही, आणि हे आमच्या लक्षात येऊ नये याचा मला इतका राग आला की परतीच्या बसमध्ये मी मैत्रिणीला धारेवर धरलं.

“अगं, पॉइंट बरोबर आहे तिचा,” ती म्हणाली, “पण रूल्स आता सगळ्यांना गेलेत. मध्येच चेंज केले तर बाकीच्या स्कूल्स ऑब्जेक्शन घेतील. आपण तिला स्पीच लिहून देऊ ना. पाठ करेल ती, स्मार्ट आहे.”

“स्वल्प विचार करू या गं,” मी म्हटलं. पण याहून बरं काही मलाही सुचलं नाही.

परिषदेसाठी विषय होता बंदराचा. नदीचा घ्यायचा नाही हे मी निक्षून सांगितलं होतं. शेजारच्या राज्याशी नदीच्या पाण्यावरून जुना वाद असल्यामुळे या शहरात दोन प्रदेश आणि मध्ये एक नदी असं म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नाही, जो तो आपल्या बाजूनं भांडायला उभा राहतो. म्हणून एक बंदरवाला देश, बंदराकडे जाणारा रस्ता ज्याच्यातून जातो असा एक मधला देश आणि एक समुद्रच नसलेला देश. शेवटचा येलहंक्याला आला. तिसऱ्या बाकावरच्या त्याच मुलीला वर्गानं प्रतिनिधी निवडलं. तसं तिच्याशिवाय कोणी तोंड उघडतही नव्हतं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर चालत आली. दहावीनंतर तिला शहरातल्या एका कॉलेजात जायचं होतं, कारण तिथे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, राज्यशास्त्र होतं. दोन बस बदलाव्या लागत. घरून म्हणत होते, समोरच्या कॉलेजात कॉमर्स घे.

“बसचं कारण नाही अक्का,” ती म्हणाली. “अप्पांना माझ्या तोंडाची भीती वाटते. म्हणतात, तू फाडकन बोलतेस. इथे सगळे ओळखीचे, सांभाळून घेतात. तिथे तुला कोण ऐकून घेणार?”

तिचे वडील व्हाइटफील्डला कंपनीची कॅब चालवत. परिषदेला येतो, तू काय करतेस ते बघतो, मग कॉलेजचं सांगतो, असं ते म्हणाले होते. मी तिला म्हटलं, मग भाषण छान पाठ कर. ती ‘सरी’ म्हणाली, पण ज्या तऱ्हेनं म्हणाली ते मला आवडलं नाही. घरी येऊन मी ते भाषण दोनदा बदललं, पुन्हा पहिल्यासारखं केलं, आणि जेवताना आईशी विनाकारण वाद घातला.

परिषदेच्या दिवशी मला बूड टेकवत नव्हतं. सभागृहात इकडून तिकडे फिरत होते, नावाच्या पाट्या सरळ करत होते. अध्यक्षांच्या खुर्चीवर आमची पुणेकरीण. शेवटच्या रांगेत मुलीचे वडील बसले होते, ड्रायव्हरचा पांढरा शर्ट, मोबाइल हातात उलटा धरलेला. आमचे दोन प्राध्यापक पुढे होते.

मुलगी उठली आणि पाठ केलेलं इंग्रजी भाषण एकदाही न अडखळता म्हणाली. टाळ्या पडल्या. मी जरा भिंतीला टेकले. तेवढ्यात बंदरवाल्या देशानं, म्हणजे व्हाइटफील्डच्या शाळेतल्या एका मुलानं, हात वर केला. मुलगा वागायला अगदी सभ्य होता. त्यानं हसून विचारलं की आमचा देश मोठ्या मनानं तुमचा माल आमच्या बंदरातून जाऊ देतो आहे, त्याच्या बदल्यात तुमच्यासारखा गरीब देश आम्हाला काय देणार?

याचं उत्तर आम्ही लिहून दिलं नव्हतं. प्रश्न तिला समजला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि कन्नडमध्ये सुरुवात केली.

“मोठं मन कशाला म्हणता? तुमच्या बंदरात गाड्या चालवतात ती आमची माणसं. दिवसभर तुमच्या लोकांची ने-आण करतात. आणि तुमच्या गेटच्या आत त्यांना लघवीलासुद्धा जाऊ देत नाही. आमचं काम तुम्हाला चालतं, माणूस गेटबाहेर. उपकार नकोत आम्हाला. करार पाहिजे.”

“इंग्लिश, प्लीज,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मी भिंतीपासून सुटले. “या देशाची दुभाषी मी आहे,” मी इंग्रजीत म्हटलं. मैत्रिणीनं भुवया वर केल्या, समोरचा नियमांचा कागद चाळला. दुभाषी आणायचा नाही असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिनं मान हलवली.

आता इथे मला आमच्या घरातलं एक सांगायला हवं. माझी वहिनी पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडचा गंध नव्हता, आणि शेजारणीला मराठीचा. दोघींच्या मध्ये उभी मी. वहिनी म्हणायची, या बाईचा आवाज आहे की भोंगा; मी शेजारणीला सांगायची, अक्का, वहिनीला तुमची भजनं ऐकू येतात हं. शेजारीण म्हणायची, सून आहे की पाहुणी, कधी बघावं तर झोपलेली. मी वहिनीला सांगायची, तुझी तब्येत विचारताहेत. आमच्या मजल्यावर आजवर भांडण झालं नाही ते या माझ्या कामगिरीमुळे, आणि मला त्याचा भलताच अभिमान होता.

तर मी घसा साफ केला आणि छान इंग्रजीत सांगितलं, की आमच्या देशातले कामगार आपल्या बंदरासाठी जे योगदान देतात त्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि त्यांच्या सोयीसुविधांबद्दल आपल्याशी चर्चा करायला आम्हाला आवडेल.

व्हाइटफील्डचा मुलगा खूश झाला. प्राध्यापकही हसले. सगळीकडे अशी प्रसन्न हालचाल झाली.

“अक्का,” मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी असं नाही म्हटलं. गेट कुठे गेलं?”

तिला इंग्रजी धड बोलता येत नव्हतं, पण समजत होतं. हे मला ठाऊक होतं, तरी त्या क्षणी ते माझ्या गावीही नव्हतं. माझे कान तापले. आधी तिचाच राग आला, चारचौघांत तोंडघशी पाडलं म्हणून. मग तो राग माझ्यावरच उलटला. ती अजून उभी होती, टेबलाची कड धरून, आणि तिचे वडील मागे ताठ बसले होते.

मी अध्यक्षांना म्हटलं, माझं भाषांतर चुकलं, पुन्हा सांगते. आणि वाक्यामागून वाक्य तिनं म्हटलं तसं सांगितलं. गाड्या, गेट, लघवी, उपकार, करार. आमच्या विभागाच्या त्या गुळगुळीत सभागृहात हे शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळली, पण एकही गाळला नाही. या वेळी कोणी हसलं नाही. एका प्राध्यापकांनी छताकडे पाहिलं. इतिवृत्त लिहिणाऱ्यानं विचारलं, हे असंच लिहायचं का? मैत्रीण म्हणाली, असंच लिही.

मतदान झालं. बंदरवाला आणि रस्तेवाला देश एका बाजूला गेले आणि येलहंक्याचा ठराव पडला.

मुलं सामोसे खायला बाहेर गेली. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. तिचे वडील ड्यूटीवर परत जायच्या घाईत होते, तरी माझ्यापाशी थांबले. आमचं बोलणं कन्नडमध्येच झालं.

“मिस, ते गेटचं बोलणं माझं आहे. घरी जेवताना बोललो होतो. बाहेर कधी बोललो नाही.”

“हो अण्णा,” मी म्हटलं.

“तुम्ही आधी दुसरंच काहीतरी सांगितलंत. मला इंग्रजी येत नाही, पण सगळे हसले ना, तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा बरोबर सांगितलंत?”

“सगळं सांगितलं.”

“मग त्यांनी बंदर दिलं?”

“नाही अण्णा. ठराव पडला.”

त्यांनी मान हलवली, जणू तेवढं त्यांना आधीपासून माहीत होतं. मोबाइल वाजला, त्यांनी बंद केला.

“पण तिला कोणी खाली बस म्हणालं?”

“नाही.”

“बाहेर काढलं नाही?”

“नाही. लिहून घेतलं.”

पायऱ्यांवर ती व्हाइटफील्डच्या त्या मुलाला हातवारे करून काहीतरी समजावत होती, मोडक्या इंग्रजीत, मध्येच कन्नडमध्ये. तिच्या वडिलांनी तिकडे पाहिलं.

“सरी,” ते म्हणाले. “मग जाऊ दे तिला त्या कॉलेजात.”